बिनदाराचं कपाट

"बायकांना काय हवं ते विचारत फिरू नकोस," सासूबाई म्हणाल्या होत्या. "एक तर कुणीच सांगणार नाही, नाहीतर सगळ्याच सांगतील."

हे त्या मटार सोलता सोलता म्हणाल्या, आणि मटार सोलता सोलता म्हटलेली वाक्यं कुठल्याच घरात कुणी मनावर घेत नाही. चिमणीच्या आईनेही घेतली नाहीत. ती शिकलेली होती. समाजशास्त्र घेऊन पदवीधर झालेली, आणि 'प्रश्नावली कशी तयार करावी' या प्रकरणात तिला वीसपैकी अठरा गुण पडलेले. अशा बाईला मटारातून निघालेला सल्ला कसा पटावा? ती "हो आई" म्हणाली. सुनेच्या "हो आई"चा अर्थ 'ऐकलं, करणार नाही' असा असतो. सासूबाईही कधीकाळी सून होत्या, तेव्हा त्यांनाही तो समजला.

सासूबाई त्या वेळी हॉलमधल्या नव्या खुर्चीत बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणजे कडेला टेकल्या होत्या. बसमध्ये राखीव जागेवर चुकून बसलेलं माणूस जसं कुणी 'उठा' म्हणण्याची वाट बघत बसतं, तशा.

तर प्रकरण असं. रस्त्यापलीकडे एक इमारत उठत होती आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावरचं घर चिमणीच्या बाबांनी ठरवून ठेवलं होतं. घर अजून हवेत होतं, जाहिरात मात्र हातात आली. वर लिहिलेलं : 'स्त्रीच्या मनातलं घर!' खाली स्वयंपाकघर. भिंती गुलाबी. उंच टाचांचे बूट घातलेली एक बाई कढईत बघून खळखळून हसते आहे. चिमणीच्या आईने चित्र डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. कढई रिकामी होती. 'रिकाम्या कढईत बघून हसणाऱ्या बाईला घराची नव्हे, औषधाची गरज आहे,' असं तिने बिल्डरला लिहून कळवलं. शिवाय शेगडीला लागून पडदा, लहान मुलाच्या हाताशी येणारं विजेचं बटण, उघड्या खिडकीखाली चढायला सोयीचं बाकडं. एकंदर सतरा चुका. पत्र चार पानांचं झालं.

बिल्डर हा मोठा गोड माणूस होता. आपण काय बोलतो आहोत ते ऐकताना त्याला स्वतःलाच आनंद होत असे. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला.

"मॅडम, तुमचा राग मला फार आवडला. आमच्याकडे महिला सल्लागार समितीच नाहीये हो!"

"मग मी येऊ समितीत?"

"समितीत कशाला? तुम्हीच समिती व्हा!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संध्याकाळपर्यंत गळ्यात अडकवायचं 'सल्लागार' लिहिलेलं कार्ड आणि एक पिवळं हेल्मेट घरी येऊन पडलं. हेल्मेट तिच्या भुवयांवरून घसरून थेट नाकावर यायचं. तिने ते आरशासमोर तीनदा घालून बघितलं आणि चौथ्या वेळी बघते तर जागेवर नाही. सासूबाईंनी त्यात मटार सोलून ठेवले होते. "खोलगट आहे," त्या म्हणाल्या. "बरं पडतं."

आता आतली गोष्ट. चिमणीच्या आईला बिल्डरचं भलं करायचं नव्हतं, की तमाम स्त्रीजातीचंही. तिला एकच गोष्ट हवी होती. सासूबाई नव्या घरात यायला हव्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी, काही भांडण नाही, तंटा नाही, त्या सहज म्हणून गेल्या होत्या, "तुम्ही जा तिकडे. मी इथेच बरी." चिमणीच्या बाबांनी समजावलं, लिफ्टचं आमिष दाखवलं, गॅलरीतल्या कुंड्यांचं दाखवलं. पालथ्या घड्यावर पाणी. "मी इथेच बरी," एवढंच.

आणि चिमणीच्या आईचं त्यांच्यावाचून चालणार नव्हतं. कामासाठी नव्हे; कामाला माणसं मिळतात. चिमणी जन्मली तेव्हा ही आई इतकी घाबरलेली होती, की पाळण्यात पोर झोपली की दर पाच मिनिटांनी जाऊन नाकाखाली बोट धरायची. श्वास चालू आहे ना? एका दुपारी सासूबाईंनी तिला असं पकडलं. आता हसतील, नाहीतर रागावतील, म्हणून ती ओशाळली. सासूबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पुढे झाल्या, वाकल्या, आपलंही बोट तिच्या बोटाशेजारी धरलं आणि म्हणाल्या, "घेतेय. आता दोघींनी बघितलं ना? मग तू झोप." ती दोन तास झोपली. असं माणूस रस्त्याच्या अलीकडे ठेवून पलीकडे राहायला जायचं? तेव्हा तिने मनाशी ठरवलं, की असं घर बांधून घ्यायचं, ज्याला 'नाही' म्हणायला सासूबाईंना जागाच उरू नये. जागा उरली नाही हे पुढे शब्दशः खरं झालं, पण ते पुढे.

प्रश्नावली चोवीस प्रश्नांची झाली. आपल्या इमारतीतल्या आणि शेजारच्या दोन इमारतींतल्या बेचाळीस बायकांकडे ती चिमणीला कडेवर घेऊन गेली, त्रेचाळीसावा कागद स्वतः भरला, आणि सल्ल्याचं धरण फुटलं.

तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंना प्रत्येक खोलीत उत्तरेकडची खिडकी हवी होती. "सुईच्या नेढ्यात दोरा दिसला पाहिजे गं."

"काकू, घराला चारच बाजू असतात. उत्तर एकच."

"मग घर फिरवायला सांग. आत्ता कागदावरच आहे ना?"

तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी तांबड्या शाईने आधी प्रश्नांमधल्या चुका दुरुस्त केल्या आणि मग सांगितलं, की पाहुणा हॉलमध्ये बसला असताना त्याला स्वयंपाकघर दिसता कामा नये. "शिस्त म्हणून." पोस्टात नोकरी करणाऱ्या ताईंना मात्र नेमकं उलट हवं होतं. "भिंतच नको मधे. मी आत राबतेय हे बाहेरच्यांना दिसू दे की जरा!" एकीला नवऱ्याच्या दाढीसाठी वेगळं बेसिन, एकीला मुलाच्या क्रिकेटच्या सामानाला कोपरा, एकीला दिराच्या तबल्यासाठी आवाज न येणारी खोली. "तबला त्यांचा, पण कान माझे." त्रेचाळीस बायका आणि एकशे अठ्ठ्याऐंशी मागण्या. चिमणीच्या आईने एकही खोडली नाही. कुणाचं मन मोडणं तिला जमत नसे.

मग आली मापं. ओट्याची उंची बाईच्या कोपराला जुळली पाहिजे, असं तिने कुठेसं वाचलं होतं. जुना ओटा सासूबाईंच्या मापाचा, म्हणजे बुटका. तीन वर्षं त्याच्यावर वाकून हिची कंबर प्रश्नचिन्हासारखी झालेली. तेव्हा शिवणवाल्या काकूंची टेप घेऊन तिने बेचाळीस बायकांचे कोपर जमिनीपासून मोजले. एक बाई उंच टाचा घालून आली, ती परत मोजावी लागली. त्रेचाळीसावं कोपर सासूबाईंचं.

"आई, जरा सरळ उभ्या राहता?"

"मला कशाला मोजतेस? मी काय पडदा आहे?"

"नव्या ओट्यासाठी हो."

"मी येणारच नाहीये तर ओटा कुणाला? तुझा तू मोज." आणि त्या खुर्चीच्या कडेवर परत टेकल्या.

तेव्हा बेचाळीस मापांची बेरीज करून सरासरी काढली गेली. सरासरी ही फार न्यायी गोष्ट आहे, असं चिमणीच्या आईला कॉलेजात शिकवलेलं होतं. ती कुणाच्याच उपयोगाची नसते, हे शिकवायचं राहून गेलं होतं.

चोवीसावा प्रश्न तिने अगदी शेवटी, कागदाला जागा उरली म्हणून घातला होता : 'घरात तुमची स्वतःची बसायची जागा कुठे हवी?' त्याची उत्तरं वाचायला तिला वेळच झाला नाही.

आर्किटेक्ट ही एक शांत, बारीक आवाजाची मुलगी होती. एकशे अठ्ठ्याऐंशी मागण्या तिने आठ दिवस कागदावर बसवल्या आणि नवव्या दिवशी चिमणीच्या आईला बोलावून चष्मा काढून ठेवला.

"सगळं बसलं," ती म्हणाली.

"खरंच?"

"हो. फक्त हॉल लिफ्टएवढा झालाय."

"मग?"

"माणसं उभी राहतील. चार."

शेवटी तबला गेला, क्रिकेट गेलं, दोन बेसिनांचं एक झालं, हॉलमध्ये माणसाला हात पसरता येऊ लागले. पण काही बाबतींत चिमणीची आई हटली नाही, कारण तिथे सल्लागार नव्हे, आई बोलत होती. विजेची सगळी बटणं आणि प्लगच्या जागा पाच फुटांवर. सगळे कोपरे गोल. आणि स्वयंपाकघराला दार. चिमणीला पाय फुटल्यापासून ती दिवसातून शंभरदा स्वयंपाकघराकडे धावायची, आणि गरम भांडं आणि चिमणी यांच्यामध्ये कायम कुणाचा तरी जीव टांगलेला असायचा. आधी ठरलं अर्धं दार. ते नकाशात दाखवून दोघी मंजुरीच्या कार्यालयात गेल्या.

तिथले साहेब नकाशा उलटा धरून बराच वेळ वाचत होते.

"हे काय आहे?"

"अर्धं दार."

"अर्धं नसतं. आमच्याकडे दार आहे, खिडकी आहे, कपाट आहे. यातलं काय ते ठरवा."

"साहेब, ते मुलीसाठी—"

"बाई, मुलगी तुमची आहे. यादी माझी आहे." त्यांनी यादी दाखवली. खरोखरच अर्ध्या दाराला त्यात कुठे शब्द नव्हता. "यादीत जे नाही ते घरात नाही. पूर्ण दार करा, आणि त्यातच वर एक झरोका ठेवा. झरोका आहे." माणूस निष्ठुर नव्हता. जाताना चिमणीसाठी त्यांनी टेबलावरचा एक रबरी शिक्का दिला, जुना, रद्द झालेला, आणि तो तिच्या तोंडातून काढता काढता दोघी घरी आल्या.

पूर्ण दाराला साधी कडी चालणार नव्हती. चिमणीच्या आईने स्वतः खटका शोधून काढला, आणि त्याचा तिला आजही अभिमान वाटतो. दाराच्या दोन कडांना दोन खटके, दोन्ही हातांनी एकदम दाबायचे, आणि त्याच वेळी खाली तिसरा खटका पायाने. मूल कितीही हुशार असलं तरी त्याचे हात एवढे पसरणार नाहीत. पसरतील एवढं मोठं होईल, तेव्हा आत आलं तरी हरकत नाही.

इमारतीच्या तळमजल्यावर, जिथे पुढे गाड्या उभ्या राहणार होत्या, तिथे प्लायवूडचं नमुन्याचं घर उभं राहिलं. अगदी खऱ्या मापाचं. आणि एका रविवारी सकाळी सगळ्यांना बोलावणं गेलं. बिल्डर नवा कोट घालून आला. मंजुरीचे साहेब यादी घेऊन आले. शिवणवाल्या काकू, मुख्याध्यापिका बाई, पोस्टातल्या ताई आल्या. चिमणीचे बाबा चिमणीला कडेवर घेऊन आले. त्यांना सक्त ताकीद होती : "बांधकामाची जागा आहे. खिळे असतात, चुना असतो. काहीही झालं तरी तिला खाली ठेवायचं नाही. काहीही!"

सासूबाईही आल्या. "बघायला येते, राहायला नाही," असं बजावून आल्या.

चिमणीच्या आईने हेल्मेट डोक्यावर चढवलं, दोन मटार घरंगळून खाली पडले ते पायाने बाजूला केले, आणि बोलायला सुरुवात केली. सगळी मंडळी स्वयंपाकघरात आली. ओट्याशी आधी काकू उभ्या राहिल्या. ओटा त्यांच्या हनुवटीजवळ आला. पोस्टातल्या ताई उभ्या राहिल्या, त्या उंच. त्यांच्या मांडीला लागला.

"हा कुणाच्या मापाचा गं?" काकूंनी विचारलं.

"सगळ्यांच्या, काकू. सरासरी."

"ही सरासरी कुठे राहते? तिला बोलव, स्वयंपाक तीच करेल."

मग चहा दाखवायचा ठरला. विजेची किटली ओट्यावर, प्लग पाच फुटांवर, वायर पुरेना. तेव्हा बिल्डरने नव्या कोटासह किटली छातीशी धरली आणि तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. "काही हरकत नाही, मॅडम," तो म्हणाला. "उकळलं की सांगतो." मुख्याध्यापिका बाई त्याच्याकडे अशा बघत होत्या, की वर्गाबाहेर काढलेला मुलगाच जणू.

"आणि आता," चिमणीची आई म्हणाली, "सर्वांत महत्त्वाचं. सुरक्षित दार!" आणि तिने ते लावून दाखवलं.

ठक्क, असा फार समाधानकारक आवाज झाला. एखादं काम चोख झालं की होतो तसा. क्षणभर सगळे त्या आवाजाचं कौतुक करत उभे राहिले. मग आर्किटेक्ट बारीक आवाजात म्हणाली, "ताई, खटके दिसत नाहीयेत."

खटके दाराच्या दोन्ही बाजूंना हवे होते, सुताराने एकाच बाजूला बसवले होते. तिन्ही खटके हॉलच्या बाजूला होते.

आत कोण? बिल्डर आणि त्याची किटली, साहेब आणि त्यांची यादी, आर्किटेक्ट, काकू, मुख्याध्यापिका बाई, ताई आणि सल्लागार समिती. म्हणजे ज्यांच्या ज्यांच्या डोक्यातून म्हणून ते घर निघालं होतं, ते सगळे. बाहेर चिमणीचे बाबा, चिमणी आणि सासूबाई.

"अहो!" चिमणीची आई झरोक्यातून ओरडली. "दोन्ही खटके एकदम दाबा!"

"एकच हात मोकळा आहे."

"मग दुसरा मोकळा करा!"

"दुसऱ्यात ही आहे."

"तिला ठेवा खाली!"

बाबांच्या चेहऱ्यावर, तीन वर्षांच्या संसारात शहाणा झालेल्या माणसाचं सावधपण आलं. "तूच म्हणालीस, काहीही झालं तरी ठेवायचं नाही. 'काहीही' दोनदा म्हणालीस."

"हा काहीहीच्या पुढचा प्रकार आहे!"

"नीट ठरव. मागाहून मला बोलशील."

"उकळलं," बिल्डर म्हणाला.

त्याला किटली ठेवायला जागा होईना. साहेब यादीत बघून म्हणाले, की स्वयंपाकघरात सात माणसांची तरतूद नाही. काकूंना हसू आवरेना, आणि मुख्याध्यापिका बाईंनी सगळ्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभं राहायला सांगितलं. चिमणीच्या आईचे मात्र डोळे भरून आले. कार्ड, हेल्मेट, वीसपैकी अठरा, सगळं त्या झरोक्याएवढं झालं होतं.

"दे इकडे तिला," बाहेरून आवाज आला.

सासूबाई बसल्या होत्या. हॉलची भिंत जिथे संपते आणि स्वयंपाकघराचं दार सुरू होतं, त्या कोपऱ्यात रंगाचा एक रिकामा डबा पालथा पडला होता. नकाशाप्रमाणे तिथे चपलांचं कपाट यायचं होतं, पण ते आलं नव्हतं. त्या डब्यावर सासूबाई बसल्या होत्या. कडेला टेकल्या नव्हत्या. प्लायवूडला पाठ लावून, पाय सैल सोडून बसल्या होत्या. चिमणी मांडीवर येताच सवयीनं त्यांच्या पदराची गाठ चोखू लागली.

चिमणीची आई झरोक्यातून बघतच राहिली. हे तिने आधी कुठे बघितलं होतं? रोज बघितलं होतं. जुन्या घरात, स्वयंपाकघराच्या दारात, एक बुटकं स्टूल. त्याचा एक पाय तोकडा, खाली पुठ्ठ्याची घडी. वर्षानुवर्षं सासूबाई त्याच्यावर बसायच्या आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना अडखळायचा. चिमणी चालायला लागली, तेव्हा हिनेच, काळजीपोटी, प्रेमापोटीच, म्हटलं होतं, "आई, दारात नका बसू. गरम काही अंगावर सांडेल." आणि हॉलमध्ये, टीव्हीसमोर, गुबगुबीत गादीची नवी खुर्ची आणली होती. स्टूल गॅलरीत गेलं, त्याच्यावर कुंडी आली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या : "तुम्ही जा तिकडे. मी इथेच बरी."

आणि चिमणी शंभरदा स्वयंपाकघरात धावायला लागली तीही त्यानंतरच. आधी धावत नव्हती. आधी दारात आजी होती.

विचारू नकोस, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. चिमणीच्या आईने 'काय हवं' ते विचारलं नाही. नाक झरोक्याला लावून तिने एवढंच म्हटलं, "आई, तिथून काय काय दिसतं हो?"

सासूबाईंनी वळून बघितलं. असा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं, त्यामुळे खरं आलं.

"सगळं दिसतं. तुझी पाठ दिसते. दूध वर आलं की दिसतं. ही बाहेरच्या दाराकडे निघाली की दिसते. हा कामावरून आला, की दारातच तोंड दिसतं, दिवस कसा गेला ते कळतं."

"आणि खुर्चीतून?"

"खुर्चीतून टीव्ही दिसतो."

आतली बाकी सहाही माणसं झरोक्याकडे सरकली. किटलीसुद्धा.

"आई," चिमणीची आई म्हणाली. "मी... मला वाटलं, अंगावर सांडेल."

"ठाऊक आहे गं. वाईटासाठी थोडीच हलवलंस?" सासूबाईंनी चिमणीच्या तोंडातून पदर सोडवला. "पण हलवलेल्या माणसाला दुसऱ्यांदा हलवू नये. मूळ धरत नाही." मग मुलाकडे वळून, "आता हात मोकळे आहेत ना? दाब की."

बाबांनी दोन्ही हात पसरून दोन्ही खटके दाबले. आता पाय तिसऱ्यावर न्यायचा, तर तोल जाऊन ते दारावरच आदळले. पुन्हा दाबले, पुन्हा आदळले. तेव्हा सासूबाईंनी, मांडीवरची चिमणी न हलवता, डब्यावरून न उठता, टाच पुढे केली आणि खालचा खटका दाबला. तो बरोब्बर त्यांच्या टाचेशी होता. दार उघडलं.

सगळे एकदम बाहेर कोसळले. बिल्डरने किटली सांडू दिली नाही, हे त्याच्याबद्दल सांगितलंच पाहिजे.

"चला, व्हा बाजूला," सासूबाई म्हणाल्या. "गर्दी करू नका माझ्या दारात."

माझ्या दारात. चिमणीच्या बाबांच्या ते लक्षात आलं नाही. पुरुष घाईत होते. चिमणीच्या आईच्या आलं. तिने हेल्मेट काढलं, नाक पुसलं आणि काही बोलली नाही. काही गोष्टींवर लगेच बोललं की त्या उडून जातात.

घरी आल्यावर तिने त्रेचाळीस कागद काढले आणि चोवीसावा प्रश्न वाचला. शिवणवाल्या काकू : 'कुठेही चालेल.' पोस्टातल्या ताई : 'बसायला वेळ कुणाला?' एकीने लिहिलं होतं, 'आधी बाकीच्यांचं बघा.' दोन पानं भरून शिस्त लिहिणाऱ्या मुख्याध्यापिका बाईंनी तिथे फक्त एक बारीकशी आडवी रेघ मारली होती. एकशे अठ्ठ्याऐंशी मागण्या, आणि त्यांतली एकही स्वतःच्या बुडाखालची नाही. सगळ्यांनी सगळं सांगितलं होतं आणि कुणीच काही सांगितलं नव्हतं. मटार सोलता सोलता सासूबाई दोन्ही बाजूंनी बरोबर निघाल्या होत्या. एक कागद मात्र चोवीसाव्या प्रश्नाला अगदी कोरा होता. अक्षर ओळखीचं वाटलं म्हणून बघितलं, तर तिचा स्वतःचाच.

पुढचं सोपं होतं, म्हणजे सोपं असायला हवं होतं. आर्किटेक्टने दार काढून टाकलं आणि त्या कोपऱ्यात भिंतीत शिरणारी एक बैठक काढली. ती घेऊन दोघी पुन्हा साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"हे काय?"

"बसायची जागा."

साहेबांनी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. "खोली नाही. बाल्कनी नाही. जाण्यायेण्याच्या वाटेत बसवता येत नाही." मग त्यांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "माझी आई पायरीवर बसते. जिन्याच्या. मला वाटायचं, तिला आवडतं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "कपाट लिहू या. बिनदाराचं कपाट. कपाट आहे यादीत."

अशा रीतीने सरकारी कागदावर त्या इमारतीतल्या चोवीसही घरांत एकेक बिनदाराचं कपाट मंजूर झालं. बिल्डरने नव्या जाहिरातीतून कढईवाली बाई काढली. कपाट कशाला ते त्याला नीटसं सांगता येत नाही, पण सांगताना त्याला आनंद होतो.

"म्हणजे मी आता कपाटात राहणार?" सासूबाईंनी विचारलं.

"कागदावरच हो, आई."

"असू दे. कपाट हलवायचं तर निदान चार माणसं विचार करतात." मग पाय जुळवून त्या सरळ बसल्या. "घे, मोज. टेप तुझ्या गळ्यात आहे ती काय दागिना म्हणून?"

गुडघ्यापर्यंत पंधरा इंच भरले. सरासरी काढली नाही. रुंदी मात्र चिमणीच्या आईने दुप्पट सांगितली. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण नव्या घरात गेल्यापासून संध्याकाळी चारच्या सुमाराला तिथे दोन बायका बसलेल्या असतात, मध्ये पिवळ्या हेल्मेटमध्ये मटार, आणि दारातून आत जाणारी चिमणी त्या दोघींच्या चार पायांना अडखळून परत फिरते.

चिमणीची आई अजून सुधारलेली नाही. गॅस दोनदा बघते, कडी तीनदा, आणि पोर झोपली की नाकाखाली बोट. त्या यादीच्या शेवटी फक्त एक ओळ वाढली आहे, आणि ती तुम्हालाही सांगितलीच पाहिजे असा तिचा हट्ट आहे.

"इतकं वाचलंत ना, मग आता जरा उठा," ती म्हणते. "तुमच्या घरात सगळ्यांवर नजर ठेवणारी जी कुणी असेल, आई, सासू, आत्या, थोरली बहीण, ती आत्ता कुठे बसली आहे ते बघून या. विचारू मात्र नका. विचारलंत तर 'मी बरी आहे' असंच ऐकायला मिळेल. नुसतं बघा. कडेला टेकली आहे, की पाठ लावून बसली आहे?"